चार माणसांदेखत

परभणीच्या उरुसात, टुरिंग टॉकीजच्या तंबूत बन्सीधर माझ्या शेजारी बसून दस्तीनं डोळे पुसत होता, आणि मी त्याचा डावा पाय मोडावा की उजवा, याचा विचार करत होतो. पडद्यावर एक बाई नवऱ्याचं ताट वाढून उंबऱ्याशी बसली होती. नवरा दोस्तांबरोबर शहरभर उंडारत होता आणि ही आपली वाट बघत होती. तंबूतले निम्मे गडी नाक ओढत होते, पण बन्सी सगळ्यांच्या वरचढ. हुंदका द्यायचा, दस्ती तोंडाला लावायचा आणि वर मलाच सांगायचा, "काय भोगायलीय बिचारी."

मला सांगत होता. ह्या भुजंगला, भिवराच्या भावाला.

भिवरा माझी धाकटी बहीण आणि ह्याची लग्नाची बायको. बन्सीचं गाव आमच्या गावाला लागूनच, मधे फक्त ओढा. तो मानवतला जिनिंगमध्ये कामाला होता. काम सुटलं की दोस्त गोळा करून घरी आणायचा, आणि पत्त्यांचा डाव मांडायचा. एका रात्री उजेड पुरेना म्हणून त्यानं भिवराच्या हातात कंदील दिला आणि तिला डावाच्या मधोमध उभी केली. भिंतीला खुंटी होती, पण खुंटीवरचा उजेड म्हणे पानांवर नीट पडत नव्हता. भिवराला पाचवा महिना होता. डाव उजाडेपर्यंत चालला आणि ती उजाडेपर्यंत उभी राहिली. हात खाली आला की बन्सी नुसता मान वर करून बघायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि पोर गेलं. अंगात चालण्याइतकी ताकद आली त्या दिवशी ती भर बाजारातून एकटी, पायी, माहेरी निघून आली.

बन्सीला पोर गेल्याचं काही नव्हतं. बायको बाजारातून चालत गेली आणि लोकांनी बघितलं, हे त्याला लागलं. तेव्हापासून तो तिला नांदवतही नव्हता आणि मोकळीही करत नव्हता. आमच्या जातीत नवऱ्यानं चार माणसांदेखत बायकोचं नाव घेऊन काडी मोडली की ती मोकळी होते. मग तिचा दुसरीकडे पाट लावता येतो. पंचांनी बोलावलं की बन्सी यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "न्हाई मोडत. बसू द्या भावाच्या दारात. कुजू द्या."

अशी तीन वर्षं गेली. निजामाचं राज्य त्याआधीच गेलं होतं, आता हैदराबादही गेलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, पण आमच्या भिवराची सुटका काही कुठल्या सरकारनं केली नाही. त्यात पालमचे दिनकरराव विचारायला आले. विधुर माणूस, किराणा दुकान, दोन लहान मुली. आमच्या ओसरीवर बसून सरळ म्हणाले, "भिवराबाई मला पसंत हायत. पर पोरींना आई पायजे, लय थांबता येनार न्हाई मला. चैतापर्यंत वाट बगतो." तेव्हा माघ चालू होता. भिवरा आत चुलीपुढे बसून सगळं ऐकत होती. त्या रात्री तिनं भाकरी करपवल्या, आणि भिवरानं भाकरी करपवल्याचं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

आता मी बन्सीच्या शेजारी कसा बसलो ते सांगतो. चंद्रभान माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि बन्सीचा सख्खा मावसभाऊ. पुढच्या आठवड्यात त्याची हळद होती. हळद लागल्यावर नवरदेवाला शिवेबाहेर जाता येत नाही, म्हणून त्याआधी दोस्तमंडळींनी त्याला एक रात्र बाहेर न्यायचं, खाऊ-पिऊ घालायचं, अशी आमच्याकडे पद्धत. चंद्रभान भोळा. त्याच्या मनात आलं की आपल्या लग्नाच्या निमित्तानं ह्या दोघांचं वैर मिटवावं. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीतल्या कडब्याखाली मी तेल पाजलेली काठी ठेवली होती. येताना ओढ्याच्या उतारावर बैल सावकाश चालतात, आणि तिथं पडलेला माणूस सकाळपर्यंत कुणाला दिसत नाही. माझं सगळं ठरलेलं होतं.

गाडी सूर्यभानकाकांची. ते आमच्या पंचातले, वयानं मोठे. सिनेमाचा शौक म्हणून आले होते. पाचवा रामकिशन. हा बन्सीचा चमचा, आणि कंदिलाच्या रात्री हाही डावात होता. ह्याच्यासाठी मी काठी आणली नव्हती. ह्याला हातानंच बघू म्हटलं होतं.

सिनेमा संपला. पडद्यावरच्या बाईनं शेवटी नवऱ्याचे पाय धरले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि आम्ही उरुसाच्या कडेला गाडी सोडली होती तिथं आलो. मटण तिथंच शिजवून घेतलं. शिंदीची मडकी आली. सूर्यभानकाका पीत नव्हते, मीही ओठ ओले करण्यापुरतीच घेत होतो. बन्सी आणि रामकिशन मात्र घोटावर घोट घेत होते, आणि चंद्रभान त्यांच्या बरोबरीनं पिण्याची शर्थ करत होता.

अर्धं मडकं झालं आणि चंद्रभानचा धीर सुटला.

"मला लगीन नकोसं झालंय," तो म्हणाला. "पोरगी म्या धड बगितली बी न्हाई. जमलं न्हाई तर काय करावं? जलमाचं अडकनं हाय हे."

रामकिशन हसला. बन्सीनं मात्र मांडी सावरली. त्याला असं कुणी विचारलं की चढायचं.

"येड्या, जलमाची बाई अडकती. गडी कवा अडकला? घरात भाकरी तयार, भाईर दुनिया तयार. कटकट करायली तर मायेरी घाल. आनि अगदीच नको झाली तर काडी मोडली की खलास."

"मंग तू कामून न्हाई मोडली?" चंद्रभाननं विचारलं.

त्यानं वाकड्यात विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळत नव्हतं. पण सगळ्यांचे हात ताटात थांबले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. बन्सीनंही बघितलं. मग बेफिकीर मान उडवून म्हणाला, "माजी मर्जी. मनात आलं की मोडीन. मला कोन आडवनार?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात काठीशिवाय काही नव्हतं. पण तेवढ्यात मी आजूबाजूला बघितलं. सूर्यभानकाका. रामकिशन. चंद्रभान. मी. चारही एका जातीचे. मी हाडूक चोखून बाजूला टाकलं आणि अगदी मायेनं बोललो.

"त्याला नको इचारू चंद्रभान. त्येच्यानं न्हाई मोडायची. जीव हाय त्याचा भिवरीवर अजून. तंबूत बगितलं न्हाईस का, कसा रडायलता."

रामकिशनच्या तोंडात शिंदीचा घोट होता, तो हसता हसता बाहेर उडाला. "आयला, खरंच की बन्सी. बाईवानी मुसमुसायलतास. म्या म्हनलं ह्याला कोन आठवलं."

चंद्रभानही हसला. मी हसलो नाही. मी खाली मान घालून, जणू मला त्याची दया येते आहे असा बसून राहिलो. बन्सीला दया सोसायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बहिणीनं त्याच्याबरोबर संसार केला होता, आणि तिच्या तोंडून मी त्याचा स्वभाव ऐकला होता.

तो उठला. झोक गेला, गाडीचा दांडा धरला, आणि गाडीतल्या गवतातून एक वाळकी काडी ओढली.

"कोन म्हनतं जीव हाय? ह्या बन्सीचा जीव? बगा तर मंग." त्यानं काडी सगळ्यांच्या तोंडासमोरून फिरवली. "किशनरावाची लेक भिवरा आजपासून माजी बायको न्हाई. ही मोडली."

काडीचा आवाज तो काय होणार. तरी मला तो आला. तुकडे त्यानं चंद्रभानच्या पुढ्यात फेकले आणि म्हणाला, "असं असतंय. शीक."

सूर्यभानकाकांनी भाकरी खाली ठेवली. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, मांडीवरचा पटका उचलून झटकला, आणि पंचात बसताना बांधतात तसा डोक्याला नीट बांधला. मग म्हणाले, "बन्सी, झालं हे."

"काय झालं?"

"काडीमोड झाली."

"काका, मजाक व्हती ती."

"काडीची मजाक नसती."

"पेल्यालो हाव म्या."

"तुज्या बापाच्या लगनात तुजा आजा मांडवाच्या खांबाला हिरीचा ऱ्हाट समजून फिरवायलता, इतका पेल्याला व्हता. लगीन लागलंच की." काकांनी रामकिशनकडे तोंड वळवलं. "तू बगितलं?"

रामकिशननं बन्सीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या तोंडावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो हळूच म्हणाला, "बगितलं." चंद्रभानला विचारलं. त्यानं रडत रडत बगितलं म्हटलं. मला विचारलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं बोललो की शेजारच्या गाडीचे बैल उठून उभे राहिले.

येताना बन्सी गाडीच्या मागच्या टोकाला बसला होता. ओढ्याच्या उतारावर तो चुळबुळला आणि म्हणाला, "खाली काय टोचायलंय हे?"

"काठी हाय," मी म्हणालो. "लागली न्हाई आज."

घरी येऊन सांगितलं तर आई, धुरपदाबाई, रडायलाच बसली. आनंदानं नव्हे. तिला अजून वाटायचं की जावईबापू एक दिवस येतील आणि लेकीला नांदायला घेऊन जातील. भिवरा ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं आणि एवढंच विचारलं, "नाव घेतलं का माजं?"

"घेतलं. आपल्या बापाचं बी घेतलं."

ती परत पाखडायला लागली. मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. निदान हसेल तरी. मी माझ्या मनाशी थोडा हिरमुसलो.

बन्सीला शुद्ध आली तेव्हा दोन्ही गावांत बोभाटा झालेला होता. भिवरा आता पालमला जाणार, दुकानदाराच्या घरात बसणार, हे त्याला समजलं आणि त्याचा जळफळाट झाला. आलाच तो. चुलत्याला, दत्तरावांना, पुढे घालून आला. हातात नारळ, बांगड्या आणि काखेत कोरं हिरवं लुगडं. अंगणात आल्या आल्या त्यानं सगळ्यांदेखत माझ्या आईचे पाय धरले.

"चुकलं माजं आत्याबाई. भिवरीला नांदायला न्यायला आलो."

शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. सूर्यभानकाकांना निरोप गेला, तेही चंद्रभानला घेऊन आले आणि लिंबाखाली टेकले. दत्तराव मोठे गोड बोलणारे. म्हणाले, "पोरं हायत, पेल्यावर काय बी बोलत्यात. नवरा-बायको एक झाल्यावर काडीला कोन इचारतं? पोरीनं हो म्हनलं की मिटलं." मी सूर्यभानकाकांकडे बघितलं. ते काठीनं मातीत रेघ ओढत होते. "पोरगी सोता हो म्हनली तर पंच मधी पडनार न्हाईत," ते म्हणाले. त्यांनाही खोटं बोलता येत नव्हतं.

आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भिवरा, बाई, दारात चालून आलाय गं." आणि नेमका त्याच वेळी आईच्या पायांवरून उठता उठता बन्सी माझ्याकडे बघून हसला. मला ते हसणं वाचता येत होतं. एकदा ओढा ओलांडून नेली की पालमचा माणूस चैत्रात दुसरी बघेल. मग घर ह्याचं, दार ह्याचं, आणि आत भिवरा. मी सरळ त्याच्यावर धावून गेलो. चंद्रभाननं कंबरेला मिठी घालून मला मागे ओढलं म्हणून, नाहीतर त्या दिवशी मी जेलात गेलो असतो.

भिवरा बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या होता. सासरचं माणूस समोर असलं की ती नाकापर्यंत पदर ओढायची. आज पदर खांद्यावर होता. ती बन्सीच्या पुढे जाऊन उभी राहिली, तांब्या पुढे केला, आणि घरातल्या माणसाला हाक मारावी तशी साध्या आवाजात म्हणाली, "बन्सीदादा, पानी घे."

आमच्याकडे नवरा मरायला टेकला तरी बाई त्याचं नाव घेत नाही. आणि हिनं नाव घेतलं, वर त्याला दादा म्हटलं. भिंतीवरच्या बायकांनी तोंडावर हात ठेवले. आईचं रडणं बंद झालं. बन्सीनं तांब्या हातात घेतलेला होता, तो तसाच धरून राहिला.

"ए पोरी, जबान सांबाळ," दत्तराव ओरडले.

"काय चुकलं तात्या?" भिवरा म्हणाली. "चार मानसांदेखत त्यानंच सांगितलं, मी त्याची बायको न्हाई. बरं झालं. मंग वळखीपाळखीचा गडी मला भाऊच की. भुजंगदादा एक आनि बन्सीदादा दुसरा." तिनं त्याच्या काखेतलं लुगडं काढून घेतलं, घडी उलगडून काठ बघितला. "बहिनीसाठी लुगडं आनलंस. रंग लय चांगला हाय. पाटाला हेच नेसते." आणि खाली वाकून, भाऊबीजेला माझ्या पाया पडते तशी, त्याच्या पाया पडली.

सूर्यभानकाका उठले आणि धोतर झटकलं. "भाऊ म्हनली," ते दत्तरावांना म्हणाले. "आता देव खाली आला तरी ती ह्याच्या घरात बायको म्हनून जात न्हाई. चला."

दोघं गेले. नारळ आणि बांगड्या अंगणातच राहिल्या. बायका भिंतीवर हसत होत्या, चंद्रभान हसत होता. मला मात्र आधी राग आला, खरं सांगतो. तीन वर्षं हा सूड माझा आहे, माझा एकट्याचा आहे, असं मी धरून चाललो होतो. आणि ही चुलीपुढे गप्प बसून त्याची धार माझ्यापेक्षा बारीक लावत होती. मग राग गेला आणि मी इतका हसलो की आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

चैत्रात पाट लागला. भिवरा तेच हिरवं लुगडं नेसली. बन्सीला दुसरी बायको काही मिळेना. कुठं बोलणी लागली की पोरीकडचे विचारायचे, पालमच्या भिवराबाईचा भाऊ तो हाच का? मानवतच्या बाजारात पोरंसोरं त्याला बन्सीदादा म्हणून हाक मारायची. मी ऐकायचो आणि त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त जायच्या.

पुढच्या वर्षी भिवरा बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. मी गावभर साखर वाटून घरी आलो तर ती बाजेवर उशीला टेकून बसली होती. पोर तिच्या कुशीत होतं.

"बन्सीदादाच्या घरी दिली का साखर?" तिनं विचारलं.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण ती हसत नव्हती.

"जा. दुसऱ्या कुनाच्या हाती पाठवू नको, तू जा. त्याच्या हातावर ठिव. म्हनावं, मामा झालास. भाचीच्या लगनात मामा लागतो पाठीशी हुबा ऱ्हायाला, तवा आतापासून ध्यानात ठिव म्हनावं." तिनं पोराचं टोपडं सारखं केलं. "पयल्या बाळाचा बाप व्हायचं त्याला जमलं न्हाई. हिचा मामा तरी हू दे."

मी ओढा ओलांडून गेलो. बन्सी ओट्यावर एकटाच बसला होता. मला बघून उठला, पण पळायला जागा नव्हती. शेजारीपाजारी बाहेर आलेच होते. मी त्याचा हात धरला, तळवा उघडला आणि मूठभर साखर त्यावर ठेवली.

"मामा झालास बन्सी. भिवरीनं सांगितलंय."

त्यानं तळव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. जन्मलेल्या लेकराची साखर कुणी परत करत नाही, आणि फेकत तर मुळीच नाही. तेही शेजाऱ्यांसमोर. ह्या वेळी डोळ्यांत पाणी होतं आणि जवळपास कुठं सिनेमा चालू नव्हता. शेवटी त्यानं हात तोंडाशी नेला.

ती साखर गिळायला त्याला फार वेळ लागला. त्यानं गिळेपर्यंत मी तिथून हललो नाही.